गजाची ओळ

प्रणिता मॅडम : ...हा व्हिडिओ बघ, माझ्याच मोबाइलवर आहे. बोलतोय गजा, आणि त्याच्यामागे ओठ हलतायत तुझे. आता सांग, हर्षला, पुलाची ती सगळी माहिती कुणाची?

हर्षला : गजाची. तोच बोलला ना, मॅडम.

प्रणिता मॅडम : तू मागून शब्द सांगत होतीस, तो पुढे म्हणत होता. अगं, सॉफ्ट स्किल्सची परीक्षा होती ती. पाच जणांनी रद्दीचा पूल करायचा आणि उभं राहून त्याबद्दल बोलायचं, एवढंच. तू गप्प राहिलीस म्हणून तुला वीसपैकी नऊ दिले मी. त्याला चौदा.

हर्षला : मग बरोबरच हाय की.

प्रणिता मॅडम : काय डोंबलाचं बरोबर? पाचांतले दोघंच साजगावच्या कंपनीकडे नोकरीच्या मुलाखतीला पाठवायचेत. योगेंद्र अख्खा वेळ आपलंच घोडं दामटत होता, पण बोलला ते स्वतःचं. त्याला हात लावता येत नाही. राहिली एक जागा. पाच वाजता मार्कांचं पान बंद होतं, मग उघडत नाही.

हर्षला : आता किती वाजले?

प्रणिता मॅडम : साडेचार होत आलेत. तू नुसतं हो म्हण, मी आकडे बदलते.

हर्षला : आणि गजा?

प्रणिता मॅडम : तो खाली जाईल.

हर्षला : मग नको.

प्रणिता मॅडम : तुझी आई इथे येऊन रडून गेली. नोकरी लागली नाही तर मे महिन्यात तुझे तात्या तुझं लग्न उरकणार, असं म्हणाली.

हर्षला : ते मला ठाऊक हाय. भीतीनं झोप लागत नाय मला.

प्रणिता मॅडम : मग?

हर्षला : आमच्या पोशीरला भात लावताना गजा मागं राहतो, त्याचा हात हळू. म्हणून मी त्याच्या बाजूला असते. माझी ओळ लावता लावता त्याच्यात पण चार रोपं लावत जाते. म्हंजे उलटं मागं सरकत सगळी एकदम बांधावर येतात. बांधावर आल्यावर कुणाची ओळ कुणी लावली ते कोण बोलत नाय. मी बोलले, तर पुढच्या लावणीला माझ्या बाजूला कोण उभं राहायचं नाय.

प्रणिता मॅडम : हे शेत नाही गं.

हर्षला : त्याची जीभ अडकली आणि माझ्या तोंडून शब्द गेला. सवयीनं झालं, मॅडम. मनात काय नव्हतं.

प्रणिता मॅडम : कागदावर 'सहकार्य' असा रकाना आहे. त्यात मी तुला दोन दिलेत. व्हिडिओ बघून माझीच मला लाज वाटली. पण तिथे पाच भरायचे तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की गजाचं सगळं उघडं पडतं.

हर्षला : मग नका लिहू.

प्रणिता मॅडम : म्हणजे सगळं कळूनही मी गप्प बसायचं? मलाही अडकवलंस तू यात.

हर्षला : अडकवलं खरं. चुकलं माझं. पण मी हो म्हणणार नाय.

(मॅडमनी पाच वाजायला दोन मिनिटं असेपर्यंत वाट पाहिली, आणि तेच जुने आकडे पाठवून दिले. थोड्या वेळानं गजा दारात आला.)

गजा : म... मॅडम, मी लागलो यादीत?

प्रणिता मॅडम : लागलास. सोमवारी साजगावला मुलाखत आहे.

गजा : ह... हर्षू पन हाय ना?

प्रणिता मॅडम : नाही.

गजा : मग तितं माज्या बाजूला क... कोन?

प्रणिता मॅडम : कोणी नाही, गजा. तिथे एकेकालाच आत घेतात.

गजा : मंग मी नाय जात.

हर्षला : जाशील. अजून चार दिवस हायत. बस इथं. आधी नाव सांगायचं, मग गाव.

गजा : तू सां... सांग ना पयलं.

हर्षला : नाय रं. आता मी गप बसणार.