तपासणीच्या दिवशीची गाडी

नाही, तिथं नका बसू, ती खुर्ची डगमगते. इथं बसा. आणि बूट राहू द्या, फरशी काय, सकाळपासून तीनदा पुसलीय, तुम्ही गेलात की चौथ्यांदा पुसेन. बघा, बोट फिरवून बघा – आहे कुठं धूळ? मागच्या वेळी तुमच्या मदत केंद्रातला तो चष्मेवाला आला होता, तोही असाच मांडीवर कागद घेऊन बसला. जिना चढता का? चढतो. स्वयंपाक? करतो. पत्नीची अंघोळ, कपडे? होतं सगळं, साहेब. टाचा जुळवून सांगितलं मी. 'आजोबा, तुम्ही तर आमच्यापेक्षा ठणठणीत' म्हणाला, खांदा थोपटला माझा – माझा! – आणि पुढच्या सोमवारपासून तोफ बंद.

तोफ म्हणजे हो, तुमचीच ती मदतनीस बाई. आठवड्यातून तीनदा यायची हिला अंघोळ घालायला. हिची उजवी बाजू गेलीय, दोन वर्षं झाली. डोकं शाबूत आहे, जीभ जरा जड, बाकी सगळं कळतं. तर ती बाई – दारातूनच सुरुवात, आवाज हा एवढा, बादल्या आपटणार, साबण माझा आणि शिव्याही मलाच. मी तिला दर वेळी हाकलायचो. दर वेळी! आणि ती आत मोरीचं दार लावून घ्यायची, आणि दोघी हसायच्या. काय एवढं हसू यायचं कुणास ठाऊक. माझ्यासमोर ही एवढी कधी हसली नाही.

काय? केंद्रात का येत नाही? आलो होतो की एकदा! माजी सैनिकांचा मेळावा म्हणे. छातीवर कागदी फूल टाचलं, गोल बसवलं, आणि एक पोरगी म्हणते, 'चला, आपण फुगा एकमेकांकडं टोलवूया!' फुगा! शेजारी एक तोफखान्यातला म्हातारा, एक पाय लाकडाचा, तो बिचारा खुदुखुदु हसत फुगा टोलवतोय आणि तुमची माणसं फोटो काढतायत. शी! चहा म्हणाल तर भांडी विसळलेलं पाणी बरं. वर निघताना हातात कागद – किती आनंद झाला, एक ते पाच. मी शून्य लिहिलं. तर म्हणतात, शून्य त्यात नाही.

मी बोलतोय ते नका लिहू, नुसतं ऐका. लष्करात ड्रायव्हर होतो मी, बावीस वर्षं. मोठ्या साहेबाची तपासणी असली की आदल्या दिवशी काय करायचे, माहितीय? फुटकं, गंजलेलं, हिशेबात न बसणारं – सगळं एका गाडीत भरायचं आणि साहेब परत जाईस्तोवर ती गाडी रस्त्यावर फिरवत ठेवायची. साहेब येणार, चुन्याच्या रेघा बघणार, खूश होऊन जाणार. ती गाडी मी चालवायचो. बावीस वर्षांत एक तपासणी धड बघितली नाही मी, भंगार पाठीवर घेऊन फिरतोय.

मग? तुमचं पत्र आलं, घरी येतोय म्हणून – म्हणजे तपासणीच. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याची गाडी सांगून आलो. हिची गादी, रबरी चादर, भोकाची खुर्ची, भिजलेल्या कपड्यांची दोन गाठोडी – मागच्या वेळीही तेच, आजही तेच. आत्ता असेल तो नदीच्या पुलावर. करायला नको होतं, कळतं मला. पण तारीख वाचली की हात आपोआप आवरायलाच लागतात, बाई. दुसरं काही शिकलेच नाहीत.

काय म्हणता, तपासणी नाही? अर्ज आलाय? कुणाचा अर्ज? मी नाही केला. मी मरेन पण तुमच्याकडं – दाखवा. हे... हे काय अक्षर आहे? कोंबडीनं पाय ओढल्यासारखं. डाव्या हाताचं आहे हे. लाँड्रीवाल्याच्या हातून पाठवलंय होय? हरामखोर, माझ्यासमोर 'काका, काका' करतो! वाचा. मला चष्म्याशिवाय – चष्म्यानंही येत नाही नीट, वाचा तुम्हीच.

'त्यांना जमत नाही. ते करतात तेव्हा मला मरावंसं वाटतं. बाई पाठवा.'

बास. ठेवा तो कागद.

खरं आहे. तोफ बंद झाल्यावर पहिल्या दिवशी हिला धुतलं आणि तिथंच मोरीत ओकलो मी. हिच्यासमोर. लढाईत माणसं उचललीत या हातांनी, कशी कशी उचललीत, तेव्हा काही झालं नाही. आणि बायकोची घाण निघाली तर ओकलो. थू! पन्नास वर्षं ही कपडे बदलायची तर मला खोलीबाहेर काढायची. आता मी हात लावला की डोळे घट्ट मिटून घेते. मला वाटायचं साबण जातो डोळ्यांत. मागच्या आठवड्यात हातातून निसटली, बादलीवर आपटली. मीच ओरडलो. तिच्यावरच ओरडलो.

काढा तो तुमचा फॉर्म. विचारा परत तेच. पत्नीची अंघोळ – नाही. कपडे – नाही. नाही लिहा. खूण नका करू, अक्षरात लिहा, ठळक. आणि माझ्याकडं असं बघू नका, तो फुगेवाला चेहरा तुमच्याकडंच ठेवा. आत जा. तिच्याशी बोला, काय हवं ते तीच सांगेल. मी इथंच थांबतो. खुर्चीत ताठ बसलेली दिसेल, पण आधी पट्टा सोडा तिचा – माझाच आहे, पाठीमागून बांधलाय, कलायला नको म्हणून. बक्कल घट्ट आहे. वर ओढायचं, मग निघतं.

जा ना! आणि दार लावून घ्या.