चूक दाखवायची नाही

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची सातवीतली मुलगी बसल्या होत्या. मुलीच्या मांडीवर गणिताचा गृहपाठ होता.

“ताळा जुळत नाहीये. कुठेतरी चुकलंय.”

“दिसलं मला. हे बघ, इथे...”

“आई, बोट काढ. सांगू नकोस.”

“अगं, दुरुस्त कर आणि मोकळी हो.”

“आपली चूक आपण शोधली तर मॅडम पूर्ण गुण देतात. घरच्यांनी दाखवली तर अर्धे.”

“त्यांना काय कळतंय?”

“कोणी मदत केली ते खाली लिहायचं असतं. मागच्या वेळी तुझं नाव लिहिलं होतं.”

“माझं? आणि वर अर्धे गुण? शाबास. आमच्या वेळी लाल फुली मारली की विषय संपला.”

“म्हणूनच तुला गणित आवडत नाही.”

“आगाऊपणा पुरे. दाढ दुखतेय ना?”

“आत्ता नाही दुखत. थांब, थांब. कंसाबाहेरच्या तीनने एक्सला गुणलं, पण चारला गुणलंच नाही मी.”

“अगंबाई, खरंच की.”

“सापडली, आई. तीन चोक बारा. बारा हवे होते तिथे.”

“ही तर मला दिसलीच नव्हती.”

“मग तुला कुठली दिसली होती?”

“कुठे काय.”

“म्हणजे अजून एक आहे?”

“मी काही बोलले का?”

“आहे. अजून एक आहे.”

तेवढ्यात नर्सने दार उघडून मुलीला आत बोलावलं.

“काकू,” मान वर न करता मुलीने मला विचारलं, “तुम्ही जाता का आधी?”