सगळ्यांचा आवाज सारखा

वासणा भागातल्या कानाच्या दवाखान्यात निरुपमाबाईंनी मासिक उघडलं होतं खरं, पण कान शेजारच्या सासऱ्या-सुनेकडे लागले होते.

"पप्पा, चार हजार गाणी हार्ड डिस्कमध्ये टाकली, सगळ्यांचा आवाज सारखा केला. आता काय वांधा आहे?"

"आरतीसुद्धा गरब्यासारखी बोंबलते."

"पण मम्मींनी टेपवर गायलेलं भजन तरी नीट ऐकू येतं ना? त्या गेल्यापासून स्पीकरला कान लावून बसायचात."

"तेच बरं होतं. आता मागचंही सगळं ऐकू येतं. पंखा, कुकर. आणि कुणीतरी गाढव ओरडतो, 'पुरे कर ते रडगाणं, चहा टाक!'"

"कोण हो?"

"घरात दुसरं गाढव होतं का?"

"मग तेवढं कापून टाकू?"

"कापून काय होणार, मिताली? ती गाताना तिथंच थांबली. चहा टाकायला गेली."