कापड सैल झालंय

(ताईच्या घरातली मागची खोली. पलंगावर उसवलेल्या कपड्यांचा ढीग. खिडकीशी जुनं शिलाई मशीन आणि त्यापुढे स्टुलावर अण्णा. दाराशी एक भरलेली बॅग.)

ताई: बसू नकोस तिथे! टाचण्या आहेत त्या ढिगात.

बंड्या: बरं बाई, उभा राहतो. पण झालंय काय? फोनवर नुसतं ‘आत्ताच्या आत्ता ये’. मी घाबरून गाडी कशी आणली माझं मला माहीत.

ताई: फोनवर सगळं सांगितलं असतं तर आला असतास?

बंड्या: म्हणजे काय? मी काय परका आहे का?

ताई: हा बघ. माझा युनिफॉर्मचा कोट. हॉटेलनं दिलेला, माझ्या बापाचा नाही. दोन्ही बाजू उसवल्या, खालपासून वरपर्यंत. काल मी रिसेप्शनवर दोन्ही बाजूंना टाचण्या लावून उभी होते. पाहुणा आला की वाकून नमस्कार करायचा, वाकलं की टोचायचं. एकीनं विचारलं, तुमच्या पाठीत चमक भरलीय का? म्हटलं, हो, माहेरची आहे.

बंड्या: हॅ हॅ...

ताई: हसायला काय झालं? मॅनेजरनं बोलावून सांगितलंय, पुन्हा असा अवतार दिसला तर मागच्या ऑफिसात बसवीन.

अण्णा: कोण आलंय? मशीनवाले का?

बंड्या: अण्णा, मी. बंड्या.

अण्णा: हां, हां. तेल आणलंत का? टीप सोडतंय मशीन. कालपासून.

बंड्या: अहो, मी तुमचा...

ताई: हो म्हण. आणलंय म्हण. नाहीतर संध्याकाळपर्यंत तेलच चालेल.

बंड्या: आणलंय, अण्णा.

अण्णा: मग घाला की. उभे काय?

बंड्या: ताई, ही बॅग कुणाची?

ताई: त्यांची. महिनाभराचे कपडे आहेत. आज ते तुझ्याकडे येतायत.

बंड्या: आज? अगं, असं कसं आज?

ताई: मग कधी? मुहूर्त काढायचाय?

बंड्या: तसं नाही. पण आमच्याकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही...

ताई: परवा माझी नजर चुकवून गच्चीवर जाऊन आले. पाच मजले. मी धापा टाकत वर, आणि हे तिथल्या दोरीवरचे कपडे तपासतायत.

बंड्या: आमच्या हिची शिफ्ट बदललीय. मुलाची परीक्षा आलीय.

ताई: तुझ्या मुलाची परीक्षा बारा महिने तेरा काळ चालू असते. दोन वर्षं ऐकतेय मी.

बंड्या: मी बाई लावून देतो ना. दिवसभराची. चांगली शिकलेली बघू.

ताई: लावली होती. विसरलास? रोज सकाळी तिला दारातच सांगायचे, अर्जंट होणार नाही, पुढच्या आठवड्यात या. शेवटी ती खरंच गेली. दुसरीची पर्स उसवली. अस्तर बदलायचंय म्हणाले.

बंड्या: बरं, पण कात्री-बित्री जरा उचलून ठेवायची...

ताई: मला शिकव आता तू. कात्री लपवली. ब्लेडं लपवली. मग नेलकटरच्या टोकानं सुरू झालं. तो लपवला तर दातांनी दोरे तोडतात. सुईत दोरा ओवता येत नाही, बॉबिन हातात दिलं तर बटण समजून शर्टावर धरतात. पण उसवायला बसले की हात असे चालतात, एक धागा कापडाचा तुटत नाही. शिवणं सगळं गेलं, बंड्या. उसवणं तेवढं राहिलं. माझ्या नशिबाला.

बंड्या: विसरतात गं ते. मुद्दाम थोडंच करतात?

ताई: मुद्दाम नाही? मग माझेच कपडे कसे? माझ्या पोरीचे कपाटात ओळीनं लटकलेत, त्यांना हात नाही. त्यांचे स्वतःचे सदरे शाबूत. वाळत घातलेल्या वीस कपड्यांतून माझाच शर्ट ओढून आणतात. राग आहे त्यांचा माझ्यावर. मी आंघोळीला ढकलते, मी गोळ्या कोंबते, मी दाराला कडी लावते. तू महिन्यातून एकदा येतोस, गुडघे दाबतोस, गोड बोलतोस आणि जातोस. तुझा शर्ट कशाला उसवतील?

बंड्या: ताई, उगाच काहीतरी.

ताई: उगाच? ही अंगावरची पँट, ही एकच वाचलीय. रात्री उशीखाली घेऊन झोपते. हीपण धुऊन धुऊन सैल झालीय, पट्ट्यात दुमडून घालतेय कशीबशी. सोमवारी काय घालू? तुझ्या बायकोची साडी?

बंड्या: तू त्यांना नीट विचारलंस का कधी? शांतपणे?

ताई: तू विचार. तू शांत आहेस ना? विचार.

बंड्या: अण्णा... अण्णा, इकडे बघा. हा कोट का उसवला?

अण्णा: कुठला?

बंड्या: हा. निळा.

अण्णा: हा बाईंचा. कापड सैल झालंय हो.

बंड्या: कसं सैल झालं?

अण्णा: होतं. धुण्यात होतं. कापड सैल झालंय. पुढच्या आठवड्यात या.

ताई: ऐकलंस? सकाळी हेच, दुपारी हेच. मी रडले तरी हेच. काल मी ओरडले त्यांच्या अंगावर. म्हटलं, कापडाच्या नावानं आंघोळ करा आता! तर म्हणाले, हो बाई, धुतलं की अजून सुटेल.

बंड्या: हॅ हॅ हॅ... सॉरी. सॉरी. पण दुकानात असंच म्हणायचे गं ते. तुला ती कारखानदारीणबाई आठवते? दर वर्षी यायची, एक बटण लागायचं नाही. आणि अण्णा चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणायचे, ‘बाई, कापड आटलंय.’

ताई: आणि तू पडद्यामागे तोंडात चिंध्या कोंबून हसायचास. बोलणी मला बसायची. मोठी ना मी.

बंड्या: गिऱ्हाईकाच्या अंगाबद्दल एक शब्द काढायचा नाही. जाड झालं तर कापड आटलं...

ताई: आठवणी काढायला बोलावलं नाही तुला. बॅग उचलतोयस की नाही तेवढं सांग.

बंड्या: दोन दिवस दे. घरी बोलतो.

ताई: दोन दिवस! मागच्या वेळीही दोन दिवसच मागितले होतेस. माझ्या अंगात त्राण नाही रे. जेवायला बसले की हे उठतात, मी मागे पळते, ताट तसंच. डोळा लागला की पेडलचा आवाज. सुई मी काढून ठेवलीय, बोटातून आरपार गेली होती त्यांच्या, म्हणून. आता सुईशिवाय चालवत बसतात. खडखड, खडखड, आणि खाली काही शिवलं जात नाही. वेड लागेल मला. मी आधी जाईन, मग तू दोन दिवस घे, नाहीतर दोन वर्षं घे!

अण्णा: अहो बाई, हळू. माझी मुलगी येईल आतून.

ताई: येऊ दे!

अण्णा: फार तापट आहे ती. गिऱ्हाईकासमोरसुद्धा बोलते. मनानं वाईट नाही. पण तापट.

बंड्या: खरंय अण्णा.

ताई: हो, दोघं मिळून बोला. ठेव तो कोट खाली. घडी घालायला आलायस का?

बंड्या: थांब. हे काय आहे आतून? ही पांढरी रेघ?

ताई: साबण. खडू संपले म्हणून बाथरूममधून साबणाचे तुकडे पळवतात. मी ओल्या हातानं शोधत बसते.

बंड्या: अगं, पण सरळ आहे ही. काखेपासून कंबरेपर्यंत. आणि दुसऱ्या बाजूला... हे बघ, बरोब्बर तशीच.

ताई: मग? हार घालू?

बंड्या: तो शर्ट दे. नाही, तो पिवळा. यालापण आहे. या स्कर्टला कंबरेत दोन्हीकडे. ताई, सगळ्या रेघा आतल्या बाजूला आहेत. जुन्या शिवणीच्या आत.

ताई: असतील.

बंड्या: उभी राहा जरा.

ताई: उभीच आहे मी सकाळपासून.

बंड्या: हा कोट घाल. टाचण्या नको लावू, नुसता धर. मी रेघेवर रेघ जुळवतो... हात वर कर.

ताई: काय पोरखेळ लावलाय?

बंड्या: बघ. आरशात बघ. कसा बसला?

ताई: बसला म्हणजे... बसणारच. माझाच आहे.

बंड्या: रेघेवर बसला, ताई. शिवणीवर नाही बसत आता. मघाशी पँटचं काय म्हणालीस तू?

ताई: म्हटलं ना, धुऊन धुऊन सैल...

बंड्या: बोल की. काय सैल झालंय?

ताई: कापड.

बंड्या: वजन कधी केलंस शेवटचं?

ताई: काटा माळ्यावर टाकलाय. हे त्यावर उभे राहायचे आणि बस कधी सुटणार विचारायचे.

बंड्या: मी समोर उभा आहे इतका वेळ. मागच्या महिन्यातही आलो होतो. मला दिसलं नाही.

ताई: तुला कुठून? मलाच नाही दिसलं. आरशात बघते ती टिकली लावण्यापुरती.

बंड्या: पण मग अख्खं उसवायचं कशाला? आतून नुसती एक टीप...

ताई: त्यांना नाही चालायचं ते. जुनी टीप ठेवून आत दुसरी मारायची म्हणजे लबाडी. आधी पूर्ण उसवायचं, खुणा करायच्या, मग शिवायचं. शेजारचा टेलर तासात करून द्यायचा, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक आठवडाभर खोळंबायचं. सगळं करतात मेले, आणि शिवायचं विसरतात.

बंड्या: विसरत नसतील. सुई तू काढलीस ना.

ताई: बोटातून गेली होती सुई! रक्तानं मशीन भरलं होतं. काय करायला हवं होतं मी? परत लावू?

बंड्या: तसं नाही म्हणत मी.

ताई: तसंच म्हणतोयस. आता तू म्हणशील, बघ, किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर. असेल. पण मला ओळखत नाहीत ते, बंड्या. बाई म्हणतात. मला कोट आवळून नकोय कुणाकडून. मला एक ताट बसून संपवायचंय. मला झोपायचंय. एवढंच हवंय मला, आणि ते मागताना मला तुझ्यासमोर तोंड वेंगाडायला लागतंय.

बंड्या: गोळ्या आहेत का बॅगेत?

ताई: काय?

बंड्या: गोळ्या. बॅगेत घातल्यास का?

ताई: बाहेरच्या कप्प्यात. सकाळच्या निळ्या डबीत. पाण्याबरोबर घेत नाहीत, दुधाबरोबर दे. आणि ‘आंघोळ’ म्हणू नकोस, मारामारी होते. ‘ट्रायल आहे, कपडे काढा’ म्हण, मुकाट काढतात.

बंड्या: हा ढीगपण दे. आमच्या कोपऱ्यावर एक टेलर आहे. रेघेवर शिवून आणतो. सोमवारच्या आत कोट तुझ्या हातात.

ताई: टाचण्या काढून ने. आणि घरी काय सांगशील?

बंड्या: बघतो. भांडण होईल. होऊ दे.

ताई: महिना म्हणजे महिना. दोन दिवसांनी फोन करून रडायचं नाही.

बंड्या: रडलो तर उचलू नकोस. चला अण्णा, मशीन दुरुस्तीला न्यायचंय. तुम्ही पण चला बरोबर.

अण्णा: मी कशाला?

बंड्या: तुमच्याशिवाय मला कळायचं नाही, कुठे बिघडलंय ते.

अण्णा: ते खरं. तुम्हा लोकांना काही कळत नाही. पाय जपून उचला त्याचे, एक ढिला आहे.

ताई: अण्णा, चपला. उलट्या घातल्यात. थांबा, मी घालते.

अण्णा: राहू द्या बाई, तुम्ही कशाला वाकता. आणि तुमचं काम राहिलंय हं, विसरलो नाही मी. पुढच्या आठवड्यात.

ताई: राहू द्या. घाई नाही.

अण्णा: वाईट वाटून घेऊ नका. कापड आहे, परत आटेल. आत भरपूर सोडून ठेवलंय मी.