उद्यापासूनची लेक

आई : परत. पहिल्यापासून. आणि रुमाल डोळ्यांना लाव, नाकाला नको.

युनलान : आई, घाटावर पाहुण्यांना दाखवतो त्या पाठवणीच्या खेळात तीनशे वेळा लावलाय. रुमालाला वाट पाठ झालीय. पाणीच येत नाही, त्याला मी काय करू?

आई : मग उद्या वऱ्हाड दारात आलं की दात दाखवणार आहेस? न रडता निघालेली नवरी! आईनं काही शिकवलं नाही म्हणतील. सासरी जन्मभर ऐकशील.

सू मिन : थ्येन मावशी, मी बाहेर जाऊन बसू का? तुम्हा मायलेकींचं चाललंय...

आई : तू कुठं निघालीस? बस त्या स्टुलावर. आदल्या दिवशी रडायला नवरी धरून दहा बहिणी लागतात. आठ जणी खाली चुलीशी खिदळतायत, आणि मेईफांगची बस दरडीत अडकली. तिच्या जागी दहावी तू.

सू मिन : अहो, मी निंगबोहून चार दिवस फिरायला येऊन तुमच्याकडे उतरलेली बाई. मला कुठलं तुमचं रडगाणं येतंय?

युनलान : बस गं. मंगळवारी घाटावर पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्यानं टाळ्या तूच वाजवत होतीस. आता जवळून बघ.

सू मिन : तू रडलीसच तशी. मी खोलीवर येऊन आधी माझ्या आईला फोन केला.

युनलान : आणि मी हात धुऊन दोन वाट्या नूडल्स खाल्ल्या.

आई : गप्प! सूर धर. चिन आजी सकाळपासून ओसरीवर खोळंबलीय.

सू मिन : त्या कोण?

युनलान : स्थळ आणणारी. नवरीनं तिला शिव्या घालत रडायचं असतं. शिव्या न खाता घरी गेली, तर तिचा अपमान होतो.

सू मिन : मग घाल की चार!

युनलान : मुलगा चांगला आहे गं. आवडतो मला. शिवी आणू कुठून?

आई : मलाही तुझा बाप आवडला होता. तरी सात दिवस रडले. नवऱ्यासाठी कोण रडतं? घर सुटतं म्हणून रडायचं.

सू मिन : मावशी... घर हलतंय का?

आई : नाही गं. नदीवरचं धुकं घराखालच्या खांबांत शिरलं. अंगण दिसेनासं झालं की पाहुण्यांना वाटतं, घर निघालं.

सू मिन : खरंच निघाल्यासारखं वाटतंय. कोंबडासुद्धा पाण्याखालून आरवतोय.

युनलान : लहानपणी मला तसंच वाटायचं. आपण सगळे घरासकट कुठंतरी चाललोय. आई म्हणायची, झोप बाळ, पोचलो की उठवते.

आई : काहीतरीच लक्षात ठेवतेस.

सू मिन : मावशी, एक विचारू? ही उद्या गेल्यावर घाटावरच्या खेळात तुमची मुलगी कोण होणार?

आई : ...बघितलीय एक. श्यांगांची धाकटी.

युनलान : कधीपासून?

आई : उद्यापासून.

युनलान : उद्या? मी सकाळी जाणार आणि दुपारी तू...

आई : पाहुण्यांच्या होड्या थांबतात का पोरी?

युनलान : तिला जवळ घेणार?

आई : घ्यावंच लागतं. खेळच तसा आहे.

युनलान : केसांवरून हात फिरवणार? माझ्या फिरवतेस तसा?

आई : अगं...

युनलान : शिकवलंस कधी तिला?

आई : तू मागावर रुखवताचं पांघरूण विणायचीस ना, तेव्हा. मागच्या खोलीत. हळू आवाजात.

युनलान : म्हणजे मी इकडे धागे ओढत होते, आणि भिंतीपलीकडे तू दुसरीला लेक म्हणत होतीस!

सू मिन : युनलान, हात दे माझ्याकडे.

युनलान : आई गं! पोचलो की उठवते म्हणालीस, आणि उठवलं नाहीस गं! घर पुढं चाललंय, मला एकटीलाच मध्ये उतरवलंस! माझ्या जागी दुसरी बसवलीस, माझं अंथरूणसुद्धा अजून गार झालं नाही! चिन आजी, तुझ्या चहात माशी पडो! तुझे जोडे चिखलात रुतोत! सात डोंगर ओलांडून माझंच घर सापडलं तुला?

सू मिन : मावशी, ओसरीवर आजी हसतायत.

युनलान : आई... आता तुझी ओळ.

आई : थांब जरा.

युनलान : तीनशे वेळा म्हटलीस की!

आई : ती खेळातली होती. तू खेळातलं बोलली नाहीस, मग मी ती कशी म्हणू? ये. इकडे ये. झोप बाळ... अजून पोचलो नाही.

युनलान : सू मिन, टाळ्या नको हं वाजवू.

सू मिन : कशा वाजवू? एक हात तू धरलायस, एक मावशींनी.