साहेबांचा पंजा

...नाही, लंगडू दे ना! लंगडायला माझी हरकत नाही. पण तुम्हाला सांगतो, सकाळी ज्या पायाने लंगडला त्याच पायाने संध्याकाळी लंगडावं, एवढी साधी अपेक्षा कुत्र्याकडून ठेवू नये का माणसानं? मी आरोप करत नाही हं, फक्त विचारतोय!

जात शिह त्झू, वजन पाच किलो, जिने तीन, लिफ्ट नाही, आणि उचलणारा कोण... तर मी, रिटायर माणूस, गुडघे आधीच कुरकुरणारे! घरात सगळे त्याला साहेब म्हणतात. महिन्यापूर्वी साहेबांच्या पायाला काहीतरी टोचलं, चार दिवस उचलून फिरवलं, पाय बरा झाला, आणि तेव्हापासून जिना दिसला रे दिसला की पंजा वर! खरं-खोटं ओळखायला डोळ्यांत बघावं, तर डोळ्यांवर झिपऱ्या. रोज विंचरतो मी, रबर लावून शेंडी बांधतो मी, पाच मिनिटांत रबर गायब. का गायब? काय लपवायचंय? मी आरोप करत नाही, फक्त विचारतोय!

शेवटी दाराआड लपलो. हिनं बिस्किटांचा डबा उघडला, आणि साहेब चारी पायांवर असे सुटले की पायपुसणं गोळा होऊन कोपऱ्यात! मी बाहेर आलो. मला पाहून थबकले, जरा विचार केला... आणि पंजा उचलला. उजवा! सकाळी डावा होता हो! ही म्हणते, दुखणं सरकतं कधीकधी. सरकतं?

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चारी पाय दाबून पाहिले. "पाय ठणठणीत आहेत. लंगडला की तुम्ही काय करता?"

म्हटलं, उचलतो.

"मग लंगडणारच की."

ठरवलं, आता उचलायचं नाही! जिन्याशी साहेब बसले, मीही बसलो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू पाय मीच मोडलाय... उचललं मुकाट्यानं. आणि दुसऱ्या मजल्यावर माझा गुडघा गेला, कट्‌कन!

आता मी खराखुरा लंगडतोय, आठवडा झाला, आणि ही म्हणते, त्याचे लाड झाले की तुम्हालाही लगेच काहीतरी होतं! हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, तर उलटीपालटी करून पाहिली. संशय, माझ्यावर! काल फिरून आलो, जिन्याशी आम्ही दोघंही एकेक पाय वर धरून उभे. मागून ही आली, दोघांकडे नीट बघितलं, "किती दुखतंय माझ्या राजाला," म्हणाली, वाकली... आणि त्याला उचललं. मी गेलो मागून, कठडा धरत. बरोबरच आहे म्हणा तिचं... ब्याऐंशी किलोचं दुखणं कोण उचलणार!