पेला सोड, समाधान

...नाही पण मी म्हणते, यात माझं काय चुकलं? शेजारच्या भागुबाई माझ्याशी बोलत नाहीत. समोर आल्या की जिन्याचा कठडा बघतात. बघू देत, आपल्याला काय करायचंय म्हणा. पण तुम्हाला सांगते, त्यांच्या समाधानचं लग्न का जमत नव्हतं, हे अख्ख्या बिल्डिंगमध्ये मला एकटीला माहीत. पोरगा ओझरला कारखान्यात, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. फक्त थंडी पडली की हातात धरलेलं सुटत नाही. सकाळी कठडा धरला की हा तिथेच उभा, आणि मागे दूधवाला खोळंबलेला.

तपासणीला मी होते सोबत... बोलावलं कुणी नव्हतं, पण रिक्षात जागा होती. डॉक्टरांनी दंडात सुई घातली, पडद्यावर रेघ नुसती वरखाली, आणि यंत्रातून आवाज कसा, तर लांबून बुलेट यावी आणि गल्लीत शिरता शिरता बंद पडावी. डॉक्टर म्हणाले, "स्नायूच्या पेशीला बारीक दारं असतात. क्षणभर उघडतात, सोडियम आत घेतात, की मिटली. याची थंडीत नीट मिटत नाहीत, करंट झिरपत राहतो, मूठ आखडते. ऊब देत जा, पुढे गोळीही सुरू करू." मी विचारलं, किती दारं? म्हणे, लाखो. अहो, मला आमच्या मजल्यावरच्या चार दारांवर लक्ष ठेवताना दम लागतो.

बाहेर येताच भागुबाई म्हणाल्या, "आक्का, कुठे बोलायचं नाही बरं का. आधीची दोन स्थळं गेलीत." मी म्हटलं, छे, आपल्याला काय करायचंय?

मग कळवणला मुलगी बघायला निघालो. हो, निघालो. मांडीवर गरम पाण्याची पिशवी मीच घेतलेली, ती भागुबाईंनी गाडीतच ठेवायला लावली. हवा अशी गार की दात वाजत होते. मुलीच्या वडिलांनी समाधानपुढे हात केला, मी मध्ये घुसून माझाच दिला. इथवर निभावलं. मग आला पाण्याचा पेला. स्टीलचा, गारेगार. पोरगा गटागट प्यायला आणि... झालं. मुलगी, दीपमाला तिचं नाव, ट्रे घेऊन समोर उभी, ती पेला ओढतेय, हा लाजतोय, पेला सुटेना. तिचे आजोबा म्हणाले, "राहू दे पोरी, पाव्हण्यांना अजून प्यायचं हे." तिने परत भरला. अजून गार.

भागुबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. आपल्याला काय करायचंय, आपल्याला काय करायचंय, असं मी मनात घोकत होते हो... पण कसं काय कोण जाणे, दारं, सोडियम, बुलेट, सगळं बाहेर पडलं. भागुबाईंनी तोंडाला पदर लावला. दीपमाला ट्रे ठेवून आत गेली. मी म्हटलं, गेलं हेही स्थळ.

तर ती चहाची किटली घेऊन आली, रुमालात गुंडाळली आणि त्याच्या मुठीला टेकवून बसली. हळूहळू बोटं उलगडली. म्हणाली, "धरलेलं पटकन सोडत नाही, एवढंच ना?" मग माझ्याकडे वळली, "आणि ह्या कोण?"

भागुबाई म्हणाल्या, "कोणी नाहीत."

जमलं लग्न. मुद्दाम मे महिन्यात धरलंय, भर उन्हात. काल समाधान पेढे द्यायला आला, खाली बघत म्हणतो, "काकू, आई म्हणते, माझ्या दारांना गोळी मिळाली, तशी तुमच्या तोंडाला मिळाली की पत्रिका देऊ."

नका देऊ. आपल्याला काय करायचंय म्हणा. फक्त सहज चौकशी करून आले, तर या शहाण्यांनी हॉल एसीचा ठरवलाय. आता मला सांगा, हार त्याच्या हातातून सुटायचा कसा?... जावंच लागणार हो मला, पिशवी घेऊन.